एका खोंडाचे तीन भाव : बैलगाडा कायदा आणि मामाचा गोठा

२०२२ च्या पावसाळ्याच्या शेवटी मामाचा एक खोंड, म्हणजे तरुण बैल, लंपीत (जनावरांच्या त्वचारोगाच्या साथीत) गेला. आटपाडी तालुक्यातला गोठा, खिल्लार गायी, आणि हा खोंड म्हणजे त्या गोठ्याची दोन वर्षांची सगळी कमाई. त्याच उन्हाळ्यात पुण्याकडच्या एका गाडामालकाने त्याचे तीन लाख लावले होते, मामा साडेतीनवर अडून बसला होता आणि दिवाळीनंतर बघू म्हणाला होता. खोंड गेल्यावर पंचनामा झाला, आणि कागदावर काय लिहायचं यावरून अर्धा तास वाद. सरकारची मदत ठरलेली होती : दुभत्या गायीला ३०,०००, ओढकामाच्या बैलाला २५,००० आणि वासराला १६,०००. खोंड आदत होता, म्हणजे दुधाचे दात अजून पडले नव्हते, त्यामुळे तो "वासरू" धरला गेला. मामा म्हणत होता की अहो साहेब, हा छकड्याला, शर्यतीच्या गाडीला, पळतोय, मैदानात फायनलला राहिलाय, वासरू कसलं? साहेबांचं म्हणणं की फॉर्मवर शर्यतीचा रकाना नाही. खरंच नव्हता.

तीन लाख हा एक भाव. सोळा हजार दुसरा. तिसरा भाव मामाने घरी आल्यावर सांगितला. म्हणाला, "आरं, न पळणारा असता तर त्याला कुणी फुकट न्हेला नसता." हे तिन्ही भाव एकाच जनावराचे, आणि तिन्हीच्या मागे कुठला ना कुठला कायदा नाहीतर सरकारी आदेश उभा आहे, आणि हे सगळे एकमेकांची तोंडं बघत नाहीत. म्हणून हे प्रकरण नीट लिहून काढावं वाटलं. बैलगाडा शर्यतीवर बोलणारे दोनच प्रकारचे लोक भेटतात, एक "परंपरा" म्हणणारे आणि एक "क्रूरता" म्हणणारे, आणि ज्याच्या दावणीला गाय बांधलेली आहे तो कुठेच दिसत नाही.

आधी जनावर समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. खिल्लार ही माणदेशाची जात, सांगली-सातारा-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातली. पांढरी नाहीतर काजळी, लांब मागे वळलेली शिंगं, पाय काटक, स्वभाव तापट, चालीला एक नंबर. पण गाय दूध देते किती, तर वासरू पाजून घरच्या चहापुरतं, कधी तेही नाही. म्हणजे डेअरीला घालायला काही उरतच नाही. एचएफ, म्हणजे विलायती दुधाळ गाय, पाळणाऱ्याच्या गोठ्यात गोऱ्हा झाला की घरचे कपाळाला हात लावतात, खिल्लारवाल्याकडे पेढे वाटतात. गाय पाळायची ती खोंडासाठी, खोंड हेच पीक. खरसुंडीच्या यात्रेत, सांगोल्याच्या बाजारात, पंढरपूरच्या कार्तिकीला तो विकायचा आणि त्यावर वर्ष काढायचं.

हे पीक घेणारी गिऱ्हाइकं कोण होती? शेतकरी, औताला. ऊसतोडीचे गाडीवान, टायरगाडीला. शर्यतीचे शौकीन, छकड्याला. आणि शेवटी, बैल म्हातारा झाला की हेड्या, म्हणजे जनावरांचा दलाल, जो पुढे त्याला कुठे नेतो हे कोणी विचारायचं नाही. या शेवटच्या गिऱ्हाइकाचं नाव घेतलं की लोकांना कसंतरी होतं, पण हिशोब हिशोब असतो. म्हाताऱ्या जोडीचे जे काही वीस-पंचवीस हजार यायचे त्यात भर घालून शेतकरी नवी जोडी घ्यायचा, आणि ती नवी जोडी मामासारख्याच्या गोठ्यातून यायची.

आता यातलं एकेक गिऱ्हाईक कसं गळत गेलं ते बघा. ट्रॅक्टरने औताचं नेलं, त्यात कायद्याचा काही संबंध नाही. शर्यतीवाल्यांचं मात्र कायद्याने नेलं. ११ जुलै २०११ ला केंद्राच्या पर्यावरण खात्याने एक अधिसूचना काढली. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम २२ खाली एक यादी असते, ज्या प्राण्यांना शिकवून त्यांचे खेळ दाखवायला बंदी आहे त्यांची. त्यात अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह होते, आता त्यात "बुल" आला. म्हणजे मामाचा खोंड सर्कशीतल्या सिंहाच्या रांगेत जाऊन बसला. त्याच ऑगस्टमध्ये राज्याने सगळ्या बैलगाड्या शर्यती बंद केल्या, मार्च २०१२ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती बंदी योग्य ठरवली, मधे सुप्रीम कोर्टाने काही अटींवर थोडी सूट दिली, आणि ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा नागराज निकाल आला. न्या. राधाकृष्णन आणि न्या. घोष यांचं खंडपीठ. तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातली बैलगाडा शर्यत दोन्ही बंद.

नागराज निकाल नुसता भावनेवर नव्हता हे सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडे व्हॉट्सॲपवर "पेटावाल्यांनी (पेटा ही प्राणीहक्क संस्था) बंद पाडली" एवढंच फिरतं. कोर्टाचं म्हणणं दोन पायांवर उभं होतं. एक, बैलाचं शरीर ओढण्यासाठी आहे, घोड्यासारखं पळण्यासाठी नाही, आणि त्याला पळवायचं म्हणजे भीती नाहीतर वेदना द्यावी लागते. आता यावर कुठल्याही मैदानात वाद घालता येईल, पण पराणी (टोकदार काठी) टोचणं, शेपटी चावणं, बॅटरीचा शॉक देणं, हे होत नव्हतं असं म्हणणारा माणूस मैदानावर गेलेला नाही किंवा खोटं बोलतोय. मी स्वतः लहानपणी शेपटी चावलेली बघितली आहे, तेव्हा आम्ही हसलो होतो. दुसरा पाय तांत्रिक आणि पुढच्या गोष्टीसाठी जास्त महत्त्वाचा. तमिळनाडूने २००९ मध्ये स्वतःचा जल्लीकट्टू कायदा केला होता, पण तो केंद्राच्या १९६० च्या कायद्याच्या विरुद्ध जात होता, म्हणून घटनेच्या कलम २५४ (१) प्रमाणे तो रद्द झाला. प्राण्यांवरची क्रूरता रोखणं हा विषय समवर्ती सूचीत आहे, नोंद १७. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात, पण भांडण झालं तर केंद्राचा कायदा वरचढ. एकच वाट उघडी राहते, २५४ (२) : राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती घ्या, मग तेवढ्या राज्यापुरता तो चालतो.

ही वाट सापडायला २०१७ उजाडलं. मधे जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून शर्यतींना सूट द्यायचा प्रयत्न केला, आठवड्याच्या आत सुप्रीम कोर्टाने ती थांबवली. जानेवारी २०१७ ला चेन्नईच्या मरीना बीचवर पोरं उतरली, तमिळनाडूने वटहुकूम काढला, मग कायदा. ते बघून आपल्याकडे एप्रिल २०१७ मध्ये विधानसभेत दुरुस्ती विधेयक पास झालं, महादेव जानकर तेव्हा पशुसंवर्धन मंत्री होते, म्हणजे माणदेशचाच माणूस. राष्ट्रपतींची संमती आली आणि मामाच्या गावात फटाके वाजले.

दुरुस्तीत काय आहे? शर्यतीची व्याख्या मोठी ऐसपैस आहे, बैल असो की वळू, गाडीला जुंपलेला असो की नसो, हाकणारा असो नसो, "बैलगाडा शर्यत", "छकडी", "शंकरपट" ही नावं थेट कायद्यात घातली आहेत. पुणे जिल्ह्यातला घाट, सांगली-साताऱ्याचं मैदान, विदर्भातला पट, सगळे एका वाक्यात बसवले. जिथे परंपरेने होते तिथे, कलेक्टरच्या आधीच्या परवानगीने, जनावराला वेदना न देता. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. मागून नियम आले : धावपट्टी एक हजार मीटरच्या वर नको, आयोजकाने पन्नास हजार अनामत ठेवायची, डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला, काठी-चाबूक-शॉक काही चालणार नाही. वाचायला छान आहे.

पण फटाके लवकर वाजले. ऑगस्ट २०१७ मध्ये हायकोर्टाने म्हटलं, नियमच नाहीत तर परवानगी कसली देता, थांबा. नियम केले तरी ऑक्टोबरमध्ये थांबवणं कायम, कारण तेच, बैल पळायला बनलेला नाही, मग नियम करून तो पळायला लागेल का. गंमत बघा, तमिळनाडूत आणि कर्नाटकात तशाच दुरुस्त्यांवर खेळ चालू, आणि महाराष्ट्राची दुरुस्ती कपाटात. राज्याने मग पशुवैद्यकांच्या समितीकडून बैलाच्या पळण्याच्या क्षमतेवर अहवाल तयार करून घेतला. म्हणजे मामाला जे दावणीवर बसून दिसतं ते लिहून काढायला समिती लागली. असो, कोर्टात कागद लागतो. १६ डिसेंबर २०२१ ला न्या. खानविलकरांच्या पीठाने सांगितलं की बाकी दोन राज्यांत चालू आहे तर इथेही अंतिम निकालापर्यंत चालू द्या. आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, निकाल न्या. अनिरुद्ध बोस यांनी लिहिला, तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. ही परंपरा आहे की नाही हे विधिमंडळाने ठरवलंय, कोर्ट त्यात पडणार नाही. राष्ट्रपतींची संमती आहे. आणि नियम कडक पाळायची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, आणि इथेच ती संपते असं धरलं जातं. कोर्टात जिंकलो, गुलाल उधळला. पण मी जे सांगायला बसलो ते वेगळंच आहे. या बंदीच्या काळात दुसरा एक कायदा आला, आणि खिल्लार गोठ्यावर त्याचा मार शर्यतबंदीपेक्षा खोल बसला असं माझं मत आहे.

१९७६ चा महाराष्ट्र पशुसंरक्षण कायदा गायीच्या आणि वासराच्या कत्तलीला बंदी करत होता, पण बैल आणि वळू कामातून गेला असा दाखला असेल तर चालत होतं. १९९५ ला विधिमंडळाने त्यात दुरुस्ती केली, बैल आणि वळूही बंद. ती दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी जवळजवळ वीस वर्षं पडून राहिली आणि २०१५ च्या मार्चमध्ये लागू झाली. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये हायकोर्टाने परराज्यातलं मांस जवळ बाळगण्यावरची बंदी काढली, पण कत्तलबंदी कायम ठेवली. शहरात तेव्हा सगळी चर्चा ताटात काय यावर झाली. बैल विकणाऱ्याचं काय यावर किती झाली?

म्हणजे तारखा बघा. मे २०१४, शर्यतीचं गिऱ्हाईक गेलं. मार्च २०१५, हेड्या गेला. वरचा भावही नाही आणि खालचा आधारही नाही, आणि मधे दुष्काळ. मामाकडे पाच खिल्लार गायी होत्या, २०१६ च्या उन्हाळ्यापर्यंत दोन राहिल्या. एक खोंड त्याने करगणीच्या बाजारात नेला आणि परत आणला, कारण टेम्पोचं भाडं निघेल एवढाही कोणी बोलेना. मामी म्हणाली ते मला अजून आठवतंय, "ह्याला इकायचं न्हाय म्हणतात, ठेवायचं कशावर ते सांगत न्हाईत." त्याच वर्षी गोठ्यात पहिली एचएफ आली. मामा तिच्याकडे वर्षभर पाहुणीसारखं बघत होता, धार काढायची मामीच, पण महिन्याला डेअरीचं बिल यायला लागलं तसा तोही वळला.

मामा काही एकटा नव्हता. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रातला एकूण गोवंश २०१२ पेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी निघाला. सगळा दोष कायद्याचा असं मी म्हणणार नाही, ट्रॅक्टर आहे, दुष्काळ आहे, पोरं पुण्याला आहेत (मीच आहे). पण राज्याची एक दुरुस्ती देशी जात टिकावी म्हणून शर्यत पाहिजे असं म्हणते आणि दुसरी गोवंश टिकावा म्हणून कत्तल नको म्हणते, आणि दोन्हींच्या मधल्या वर्षांत गोठे रिकामे होतात, तर कुठेतरी हिशोब चुकलाय ना?

बंदी होती तेव्हा मैदानं पूर्ण थांबली होती असंही नाही. चोरून व्हायची, पहाटे, माळावर, फोनवर निरोप देऊन. नियम नाहीत, डॉक्टर नाही, आणि पकडलं तर बैल जप्त. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्याच तालुक्यात झरे गावात आमदार गोपीचंद पडळकरांनी जाहीर करून शर्यत घेतली, जमावबंदी लागली, पोलिसांनी मैदान उकरून ठेवलं, तरी पहाटे दुसऱ्या माळावर गाड्या पळाल्या. मामा गेला नव्हता, त्याला केस नको होती. पण त्या आठवड्यात दोन माणसं खोंड बघायला गोठ्यावर आली, सात वर्षांनी पहिल्यांदा.

आणि डिसेंबरनंतर तर बघायलाच नको. २०२२ च्या उन्हाळ्यात जो भाव चढला तो मामाने जन्मात बघितला नव्हता. बक्षिसाला ट्रॅक्टर, थार, जेसीबी, बुलेट तर चिल्लर. बैलांचे इन्स्टाग्राम अकाउंट, नावाची गाणी, वाढदिवसाचे फ्लेक्स. आदत, दुसा (दोन दाती), चौसा (चार दाती) असे दातांवरून गट पडले, ज्याच्या खोंडाने आदतच्या मैदानात फायनल मारली त्याच्या दारात गाड्या उभ्या. मामाने उरलेल्या दोन गायींपैकी एक, जिचा आजा पुसेगावच्या मैदानात नाव काढून गेला होता असं तो सांगतो, तिला लांबून चांगला वळू दाखवून आणला होता. बंदीतच, काही गरज नसताना, नुसत्या हट्टाने. त्याचाच हा खोंड.

आता इथे कायद्याने काय केलं ते नीट बघा. गेलेला वरचा भाव परत आणला, आणि नुसता आणला नाही तर पार आभाळात नेला. खालचा आधार मात्र गेलेला तो गेलाच. मामाच्या तालुक्यात शंभर खोंड जन्मले तर त्यातले पळणारे किती, हाताच्या बोटावर. त्यांना लाख. बाकीच्यांना काय? पूर्वी न पळणारा खोंड औताला जायचा, गाडीला जायचा, शेवटी हेड्याला जायचा, त्याला एक मधला भाव होता. आज तो नाही. म्हणून आता लोक पैदास करतात ती लॉटरीसारखी. नाव असलेल्या दोन-चार वळूंच्या मागे सगळा तालुका. घाटात आणि मैदानात म्हैसूरकडची जनावरं आणून पळवतात, तीही वेगाला चांगली, मग त्यांच्याकडून गायी भरवतात. कायद्यात लिहिलंय देशी जातीचं जतन, मैदानात मोजतात सेकंद. सेकंदाला जात नसते. काजळी खिल्लार मंद पडली तर ती जाईल, आणि ती गेली हे निशाण दाखवणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.

आणि गाय? तिचा या शर्यतीच्या कायद्यात उल्लेखच नाही. शर्यतीच्या नियमांत जनावराची काळजी आहे, पण मैदानाच्या दिवसापुरती. सप्टेंबर २०२४ ला राज्याने देशी गायीला "राज्यमाता-गोमाता" जाहीर केलं आणि दिवसाला पन्नास रुपये अनुदान, पण ते गोशाळेतल्या गायीला. मामाच्या दावणीची गाय राज्यमाता आहे, तिला पन्नासचा मान नाही. मी हे मामाला सांगितल्यावर तो म्हणाला, "मग आपल्या गोठ्याला गोशाळा म्हणून पाटी लावू." मामी म्हणाली, आधी एचएफ बाहेर काढावी लागंल, मग डेअरीचं बिल कोण देणार.

मी काही शर्यतीच्या विरोधात नाही हे एव्हाना कळलं असेल. नियम पाळून व्हावी, कलेक्टरची परवानगी असलेलं मैदान मी बघितलंय, डॉक्टर असतो, कॅमेरा असतो, आणि त्या कॅमेऱ्याच्या मागे पराणीही असते, ती कमी झाली आहे एवढं मात्र खरं. पण मला विचाराल तर अनामत पन्नास हजारांची ठेवली तशी बक्षिसातली काही रक्कम त्या बैलाची आई ज्याच्या गोठ्यात आहे त्याच्यापर्यंत जावी असं एक कलम घालायला काय हरकत होती? नाहीतरी १ जून २०२४ पासून कानात बारा अंकी टॅग असल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री नाही, म्हणजे कुठलं जनावर कुठून आलं याची नोंद सरकारकडे जमायला लागलीच आहे. त्याच टॅगवर आईचा नंबर टाकता येतो. पैदास करणारा दिसायला लागेल. आज तो फक्त पंचनाम्यात दिसतो.

लंपीचं थोडं राहिलं. तेव्हा सप्टेंबर २०२२ मध्ये सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, बाजार बंद, शर्यती बंद, वाहतूक बंद, शेळीच्या देवीची लस गायींना टोचली गेली. ते बरोबरच होतं, साथ होती. मामाच्या खोंडाला लस मिळाली ती गाठी दिसायला लागल्यावर. कोणाला दोष देण्यात अर्थ नाही, गावात एक डॉक्टर आणि जनावरं हजार. सोळा हजार खात्यावर आले, उशिरा आले पण आले. मामाने त्यातून एचएफला पेंड आणली आणि उरलेले मामीकडे दिले.

मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा त्याच गायीला दुसरा खोंड झालेला, आता वर्ष-दीड वर्षाचा. मामा त्याला पहाटे ओढ्याच्या वाळूत चालवतो, पाय घट्ट होतात म्हणे. कानात पिवळा टॅग. मी विचारलं, पळतोय का? मामाने उत्तर दिलं नाही, खोंडाचा जबडा उघडला आणि अंगठ्याने खालचा ओठ दाबून मला दाखवला. दुधाचे दात सगळे जागेवर होते. म्हणाला, "अजून वासरूच हाय, कागदावर."